कमानीवरच्या काचा

किल्लीमावशीला गप्प बसलेलं कोणी पाहिलं असेल तर त्याने खुशाल पुढे यावं. ती झोपेतसुद्धा कोणाला तरी रागवत असते, असं तिची लेक सांगते. चर्चच्या सगळ्या किल्ल्या तिच्या कमरेला असतात, त्यामुळे ती दिसायच्या आधी ऐकू येते, आणि किल्ल्या थांबल्या की तोंड सुरू होतं. झाडलोट तिची, मेणबत्त्या तिच्या, फुलं तिची, वेदीवरचं कापड तिने धुतलेलं. फादर बदलतात, मावशी बदलत नाही. तर अशी ही बाई एका मंगळवारी सकाळी एकाएकी मुकी झाली आणि शुक्रवारपर्यंत तिने धड चार वाक्यं उच्चारली नाहीत. लोक म्हणाले, रविवारी लेकीचं लग्न आहे, आईचा जीव, भरून येत असेल. कसलं भरून येतंय! बाई घाबरली होती.

झालं होतं ते असं.

चर्च जुनं. किती जुनं यावर एकमत नाही. दारावरच्या दगडात साल कोरलंय, पण त्यातला एक आकडा झिजून सपाट झालाय, त्यामुळे ज्याला जेवढा अभिमान तेवढी शंभर-शंभर वर्षं तो आपली वाढवून घेतो. जाड दगडी भिंती, वर सागवानी छत आणि मधोमध ती मोठी कमान. कमानीच्या अलीकडे लोकांचे बाक, पलीकडे वेदी. सरकारने ही इमारत वारसा म्हणून जाहीर केली, फाटकावर पाटी लावली, आणि तेव्हापासून कॅलेंडर टांगायला खिळा ठोकायचा तरी अर्ज करावा लागतो. "घर देवाचं आणि खिळा सरकारचा," असं मावशी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची.

मग कमानीला भेग दिसली. डाव्या खांद्यातून निघून खांबाच्या डोक्यापर्यंत उतरलेली. वारसा खात्याने एक तज्ज्ञ बाई पाठवल्या. उंच, सडसडीत, गळ्यात भिंग, खिशात टॉर्च. त्यांना सगळे वारसाबाई म्हणू लागले आणि त्यांनीही ते मनावर घेतलं नाही. वारसाबाईंनी पहिलं काम केलं ते कमानीखाली लाकडी टेकू भरण्याचं. एवढे जाडजूड, आडवेतिडवे टेकू, की मधली वाटच बंद झाली. वेदीकडे जायचं तर बाजूने अंग चोरून जावं लागायचं. प्रवचनाच्या वेळी अर्ध्या लोकांना फादर दिसेनासे झाले, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी त्याबद्दल तक्रार केली नाही.

दुसरं काम म्हणजे भेगेवर काचेच्या पट्ट्या. बोटभर रुंद, अगदी पातळ काच. एक टोक भेगेच्या अल्याड, दुसरं पल्याड, दोन्ही टोकं चुन्यात घट्ट बसवलेली आणि काचेवर बारीक अक्षरात तारीख कोरलेली. अशा काही पट्ट्या वरपासून खालपर्यंत लावल्या. कशासाठी, ते वारसाबाईंनी चर्चच्या कमिटीला नीट समजावून सांगितलं. त्या वेळी मावशी आत कमिटीचा चहा गाळत होती. तिला फादरांनी नंतर एवढंच सांगितलं, "मावशी, त्या काचांना जपा हं." आणि मावशीने जपलं. असं जपलं की विचारू नका.

मावशीच्या लेखी सगळं सरळ होतं. माणसाला जखम झाली तर पट्टी लावतात, भिंतीला झाली तर भिंतीला लावली. कापडाची का नाही आणि काचेची का, हा शिकलेल्या लोकांचा विचार, त्यात आपण कशाला नाक खुपसायचं? पुढे एकदा लांब दांड्याच्या झाडूने जळमटं काढताना तिला दिसलं की खालची पट्टी मधोमध तडकलीय. तिचा जीवच गेला. मावशीच्या हाताला काच टिकत नाही, ही जुनीच गोष्ट. तिच्या घरात कपबशांचा एक संच पुरा सापडायचा नाही. ती धरूनच चालली की झाडू लागला आणि आपणच पट्टी तोडली. आता फादर काय म्हणतील, वारसाबाई काय म्हणतील?

सुदैवाने म्हणा की दुर्दैवाने, तिचा धाकटा दीर काचवाला होता. नवरा गेल्यापासून अडीनडीला हा दीरच धावून यायचा. त्याने हुबेहूब तसली पट्टी कापली, काच कापायच्या हिरकणीने तीच तारीख त्याच वळणात कोरली, चुन्यात बसवली, वर काजळी आणि जुनी धूळ चोळली आणि शिडीवरून उतरत म्हणाला, "वहिनी, यातली नवी कुठली ते कोणी ओळखून दाखवावं, मी धंदा सोडतो." कोणी ओळखलं नाही. पुढे पुन्हा तडकली. मग वरची तडकली. मावशीला वाटलं, पट्टी म्हटली की बदलावी लागणारच, जखम भरायला वेळ लागतो. दर वेळी दिराला बोलावून ती पट्टी बदलून घ्यायची आणि आपण किती निगुतीने करतो याचं मनातल्या मनात कौतुक करायची.

आणि मग तो मंगळवार आला. वारसाबाई शिडीवर चढल्या, भिंगातून एकेक काच पाहिली आणि हसतच खाली उतरल्या.

"मावशी, तोंड गोड करा! भिंत शांत झोपलीय. खात्याच्या समितीने माझा अहवाल मान्य केला. शुक्रवारी सुतार येतील, टेकू निघतील. रविवारी तुमची लेक तुमचा हात धरून मधल्या वाटेने थेट वेदीपर्यंत!"

मावशी बादली घेऊन उभी होती. ती खुलली. "म्हणजे पट्ट्यांनी गुण दिला म्हणायचा!"

"पट्ट्या कसला गुण देतात?" वारसाबाई हसल्या. "त्या बिचाऱ्या तुटण्यासाठीच लावलेल्या असतात. पाया खचत असला, भिंत केसभर जरी सरकली, तरी काच कडकन तुटते. मग आपल्याला कळतं की धोका आहे. एवढे दिवस झाले, एकही तुटली नाही. म्हणून तर मी सही केली."

मावशीच्या हातून बादली सुटली. पाणी पसरत पहिल्या बाकाखाली गेलं. वारसाबाई पाय वाचवत मागे सरकल्या, "अहो, जपून," म्हणाल्या आणि सुतारमिस्त्रीला फोन लावत बाहेर पडल्या. मावशीने तोंड उघडलं होतं. त्यातून काही बाहेर आलं नाही. तिने फडकं घेतलं आणि पाणी पुसत बसली, पुसून कोरडं झालं तरी पुसत बसली.

दुपारी ती दिराच्या दुकानात गेली. तो आरशाची काच कापत होता. तिने सगळं सांगितलं तसा त्याचा हात थांबला.

"तुटायलाच लावल्या होत्या? आणि आपण..."

"आपण जपत होतो."

"बोंबला!" दीर मटकन स्टुलावर बसला. मग उठून त्याने दुकानाचं दार लोटलं. "कोणाला बोललीस?"

"नाही अजून."

"मग बोलूही नकोस. वारसा वास्तूत ढवळाढवळ म्हणजे काय असतं ठाऊक आहे? तू जाशीलच, वर मीही जाईन. झाकली मूठ सव्वा लाखाची, वहिनी."

"अहो, पण भिंत हलतेय."

"हलू दे! एवढी वर्षं उभी आहे ती आणि नेमकी रविवारी पडतेय होय? आमच्या आजोबांचं लग्न तिथे झालं, तुमचं झालं. लेकीचं होऊन जाऊ दे. आत्ता सांगितलंस तर आजच्या आज कुलूप लागेल. जावई पुढच्या आठवड्यात जहाजावर चढणार, मग वर्षभर त्याचं तोंड दिसायचं नाही. लग्न आधीच एकदा पुढे ढकललंय. पोरीला तुझ्या तीच कमान हवी, तीच वाट हवी. सोमवारी सांग. सोमवारी जाऊन हवं ते सांग."

"टेकू शुक्रवारी निघणार आहेत."

"टेकू नव्हते तेव्हा पडली का? हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेतेस?"

मावशीला त्याचं पटलं नाही, पण सोमवार हा शब्द तिने उचलला. सोमवारी सांगू. शुक्रवार ते सोमवार, मध्ये आहेतच किती दिवस! असं घोकत ती घरी आली. पण घोकणं वेगळं आणि जिवाला पटणं वेगळं. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही आणि बुधवारी पहाटेपासून तिने जे घासायला घेतलं ते थांबेचना. मेणबत्त्यांचे स्टँड घासले, दाराच्या कड्या घासल्या, फाटकावरची सरकारी पाटीसुद्धा घासली. बसली की उठायची. उठली की कशाला उठलो ते आठवायचं नाही. रस्त्यावरून एखादं अवजड वाहन गेलं की मान आपोआप कमानीकडे वळायची.

बुधवारी दुपारी लेकीने लग्नाचा पांढरा झगा अंगावर चढवला. कमरेत सैल होत होता. मावशी तोंडात टाचण्या धरून खाली बसली आणि घेर आत घ्यायला लागली.

"आई, तोंडात टाचण्या आहेत म्हणून गप्प आहेस की माझ्यावर रागावलीस?"

मावशीने नुसती मान हलवली.

"मग हस ना जरा. टेकू निघणार! मला तर वाटलं होतं मी बाजूने खेकड्यासारखी तिरकी तिरकी जाणार आणि झगा लाकडात अडकून फाटणार." लेक आरशात बघत होती. "आपण दोघी मधून चालू. तू उगाच घाई करू नकोस हं, तुझी चाल म्हणजे धावपळच असते. आणि फादर प्रार्थना म्हणत असतील तेव्हा मी अगदी कमानीच्या मधोमध उभी राहणार. फोटो काढणाऱ्याला मी सांगून ठेवलंय."

टाचणी मावशीच्या बोटात घुसली. रक्ताचा ठिपका झग्याला लागू नये म्हणून तिने हात मागे घेतला.

संध्याकाळी ती चर्चमध्ये गेली. शिडी लावली आणि चढली. खालची पट्टी दिराने अलीकडेच बदलली होती. तिच्यावर एक बारीक रेघ दिसत होती. मावशीला वाटलं, कोळ्याचा धागा असेल. तिने बाहीने पुसलं. रेघ गेली नाही. नखाने खरवडून पाहिलं, तेव्हा नखाला काचेची धार लागली. आता झाडूचा दोष नव्हता, कबुतराचा नव्हता, मावशीच्या हाताचा तर नव्हताच. ती शिडीवरून उतरली आणि किती तरी वेळ शिडीलाच धरून उभी राहिली. इकडे आड, तिकडे विहीर आणि मध्ये आपली पोर पांढऱ्या झग्यात उभी, असं तिला झालं.

गुरुवारी संध्याकाळी पापनिवेदनाची वेळ असते. लाकडी खोपट्यात एका बाजूला फादर बसतात, दुसऱ्या बाजूला माणूस गुडघे टेकतो, मध्ये जाळी. मावशीच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. आपण पाप केलंय ना? मग पापाच्या जागी जाऊन सांगावं. पुढचं फादर बघतील, सुतारांना थांबवतील, वारसाबाईंना कळवतील, आपलं नाव निघालं तर निघालं. तिला एवढं हलकं वाटलं की रांगेत ती पुढच्या बाईला ढकलायलाच लागली.

हे फादर वयाने तिच्या धाकट्या भावाएवढे. माणूस भला, पण भित्रा. दार जोरात आपटलं तरी दचकायचे आणि पाल दिसली की आधी मावशीला हाक मारायचे, मग देवाला. मावशीने जाळीला तोंड लावून सगळं भडाभडा ओकून टाकलं. काच, दीर, काजळी, तारीख, कालची रेघ.

"फादर? ऐकलंत ना?"

"मावशी," फादर अगदी हळू म्हणाले, "हे तुम्ही मला इथे का सांगितलंत?"

"मग कुठे सांगायचं? पाप आहे ना ते! आता तुम्ही उद्या सुतारांना नको म्हणा, म्हणजे झालं."

"मला म्हणता येणार नाही."

"का बरं?"

"या जाळीत ऐकलेलं मला बाहेर नेता येत नाही. शब्दाने नाही, खुणेने नाही, आडूनसुद्धा नाही. उद्या तुम्ही अंगणात भेटलात तर मला तुमच्याकडे हा विषयही काढता येणार नाही. तुम्हाला ठाऊक आहे हे. माझ्याहून जास्त ठाऊक आहे."

होतंच ठाऊक. इतकी वर्षं तिने हेच तर सगळ्यांना सांगितलं होतं, की आमच्या फादरांच्या कानात गेलेलं विहिरीत गेलं, बिनघोर जा आणि बोला. ओझं टाकायच्या घाईत तिने ते नेमक्या त्या एका माणसावर टाकलं, ज्याला ते खाली ठेवता येणार नव्हतं.

"मग माझं प्रायश्चित्त काय?"

"बाहेर जा आणि वारसाबाईंना सांगा. आत्ता." फादर जाळीजवळ सरकले. "मावशी, कृपा करून आत्ता."

ती तडक आतल्या खोलीत गेली आणि टेबलावरच्या फोनवरून वारसाबाईंना फोन लावला.

"हं मावशी, बोला."

"बाई..." मावशीला समोर झगा दिसला, जहाज दिसलं, कमिटीतली सगळी तोंडं दिसली. "बाई, उद्या चहा किती जणांचा टाकू?"

वारसाबाईंनी सांगितलं. मावशीने बरं म्हटलं आणि फोन ठेवला. मग स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली, खरोखर मारून घेतली.

शुक्रवारी सकाळी सुतारमिस्त्री आपली माणसं घेऊन आला. वारसाबाई डोक्यावर पिवळी टोपी घालून हजर. लग्नाच्या आधी कमान मोकळी होणार म्हणून कमिटीतले दोघेतिघेही बघायला आले होते. आणि फादर! फादरांचे हाल बघवत नव्हते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. ते आत यायचे, बाहेर जायचे. मिस्त्रीजवळ जाऊन उभे राहायचे, तोंड उघडायचे आणि हवा कशी आहे ते विचारायचे. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता हे लांबूनही दिसत होतं. मावशीकडे मात्र त्यांनी एकदाही पाहिलं नाही. तिने चहा पुढे केला तेव्हा कपाकडेच बघत घेतला.

मावशी खांबामागे उभी राहिली. आत्ता सांगते, चहा संपला की सांगते. चहा संपला. आत्ता सांगते, हत्यारं मांडली की सांगते. हत्यारंही मांडून झाली.

मिस्त्रीने पहिल्या टेकूखालच्या लाकडी पाचरीवर हातोडा घातला. एकदा, दोनदा. पाचर सुटली. वरून चुन्याची चिमूटभर भुकटी खाली आली.

"जुनी धूळ आहे," वारसाबाई म्हणाल्या. "चालू द्या."

तेव्हा फादर चालायला लागले. बाकांमधून सरळ कमानीपर्यंत गेले आणि मिस्त्रीच्या शेजारी, भेगेच्या बरोबर खाली, जाऊन उभे राहिले. खिशातून प्रार्थनेचं पुस्तक काढलं आणि उघडलं.

"फादर, अहो, तिथे नको," वारसाबाई म्हणाल्या. "काम चालू असताना टोपीशिवाय आत उभं राहता येत नाही."

"मिस्त्री उभे आहेत ना?" फादर म्हणाले. "त्यांची माणसं उभी आहेत. मीही राहतो."

"पण कशाला?"

"सहज."

मग त्यांचे ओठ पुस्तकावर नुसते हलत राहिले. मावशीने त्यांच्याकडे पाहिलं आणि तिला लख्ख कळलं. हा माणूस बोलू शकत नाही. पळून जाऊ शकतो, पण पळणार नाही. आपण तोंड उघडलं नाही, तर तो एकेक पाचर निघेपर्यंत तिथेच उभा राहील. पाल दिसली की हाका मारणारा माणूस आज खांबामागे उभ्या असलेल्या बाईकडे नजरसुद्धा वळवत नव्हता, तिची आठवण करून दिल्यासारखं होईल म्हणून. मावशीला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. मिस्त्रीने दुसऱ्या पाचरीवर हातोडा उचलला.

"थांबा!" मावशी किंचाळली. "मिस्त्री, हात खाली! बाहेर व्हा सगळे! त्या काचा खोट्या आहेत! मी बदलल्यात, मी!"

चर्चमध्ये तिचा आवाज घुमला. मिस्त्रीने हातोडा हळूच खाली ठेवला, सुटलेली पाचर उचलली आणि कोणी सांगायची वाट न बघता जागच्या जागी ठोकून बसवली. मग माणसांना घेऊन बाहेर झाला. फादर शेवटी निघाले आणि पहिल्या बाकावर धपकन बसले. त्यांनी पाणी मागितलं.

वारसाबाईंनी शिडी लावली. छिन्नीने एका पट्टीचं टोक उकरलं. आतून जुन्या चुन्याचा, आधीच्या काचेच्या चुऱ्याचा थर निघाला. त्या खाली उतरल्या तेव्हा त्यांचा चेहरा चुन्यासारखाच झाला होता.

"किती वेळा बदलल्या?"

"चार वेळा. पाच असतील. मी मोजलं नाही, बाई. मला वाटलं ती पट्टी आहे. जखमेची."

"आणि मंगळवारी मी तुम्हाला सांगितलं, त्यानंतर?"

"त्यानंतर नाही बदलल्या. पण बोललेही नाही."

"मी सही केलीय," वारसाबाई म्हणाल्या आणि मग त्यांचा संयम सुटला. "माझी सही आहे, मावशी! त्या सहीवर विश्वासून ही माणसं टेकूखाली शिरली. अज्ञान मी समजू शकते. पण मंगळवार ते शुक्रवार हे अज्ञान नाही!" हातातलं भिंग त्यांनी बाकावर आपटलं. मग श्वास घेतला, फोन काढला आणि कामाला लागल्या. नवे टेकू, दुप्पट. मोठ्या दाराला कुलूप. पाया उघडून बघेपर्यंत आत कोणी पाऊल टाकायचं नाही. कमिटीतले लोक मावशीकडे बघत बघत बाहेर पडले. कोणी काही बोललं नाही, आणि मावशीला वाटलं, दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

कुलूप तिनेच लावलं. मग घरी गेली. सगळ्यात अवघड काम तिथेच होतं. लेक पाहुण्यांची व्यवस्था बघत जमिनीवर बसली होती. मावशीने उभ्या उभ्या सांगितलं. कमान हलतेय, चर्च बंद, रविवारी तिथे लग्न होणार नाही. सांगताना तिने डोळे मिटून घेतले होते.

"बरं," लेक म्हणाली. "मग शाळेचा हॉल बघू."

मावशीने डोळे उघडले. "तुला वाईट नाही वाटत?"

"वाटतंय की. पण पडक्या कमानीखाली फोटो काढून काय करायचाय? लग्न माणसाशी आहे, दगडाशी नाही." लेक हसली. "फादर असतील, तो असेल, तू असशील. झालं की."

मावशी खुर्चीत बसली. ज्या एका गोष्टीच्या भीतीने चार दिवस जीव टांगणीला लागला होता, ती पोरीने दोन वाक्यांत मोडीत काढली. तिला हसावं की रडावं ते कळेना. म्हणजे मंगळवारीच सांगितलं असतं तर? तिने तोंडावर हात घेतले आणि तिला हुंदका फुटला.

लेक उठून जवळ आली. आईच्या पाठीवर हात ठेवला. "अगं, रडतेस काय? कळलं ते बरंच झालं ना! कोणाला कळलं? वारसाबाईंना?"

"मला."

"कधी?"

"मंगळवारी."

पाठीवरचा हात तसाच राहिला, पण त्यातला हलकेपणा गेला. "या मंगळवारी? बुधवारी तू माझ्या झग्याला टाचण्या लावत होतीस."

"हो."

"मी मधोमध उभी राहणार म्हणाले. तेव्हा तुला ठाऊक होतं, वर काय आहे ते."

"तुझ्यासाठीच गप्प होते गं. तुझं लग्न मोडू नये म्हणून. आज फादर त्या भेगेखाली जाऊन उभे राहिले, तेव्हा तोंड उघडलं."

लेकीने हात काढून घेतला. समोर येऊन उभी राहिली आणि आईच्या तोंडाकडे सरळ पाहिलं. "आई, आज फादर तिथे उभे राहिले नसते, तर रविवारपर्यंत तू गप्प बसली असतीस?"

नाही म्हणायचं, एवढंच काम होतं. कुठलीही आई नाही म्हणाली असती, आणि लेक त्याचीच वाट बघत होती. मावशीने तोंड उघडलं. आत शोधून पाहिलं, पण तो शब्द तिला सापडला नाही, आणि आता आणखी एक खोटी पट्टी बसवायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

"ठाऊक नाही," ती म्हणाली. "खरंच ठाऊक नाही गं मला."

लेक फोन घेऊन खिडकीशी गेली आणि शाळेच्या हॉलचं विचारलं. खुर्च्या किती, दार किती वाजता उघडतील, पाण्याची सोय आहे का, सगळं नीट, नेहमीच्या आवाजात विचारलं. फोन ठेवून ती वळली.

"हॉल मिळाला. आणि आई, रविवारी मी एकटीच चालत येईन. तू आधी जाऊन पुढच्या खुर्चीत बस."

"बरं," मावशी म्हणाली.